पुन्हा विचारायचं असतं

जर्मनीत गेल्यावर पहिल्याच महिन्यात मी भरल्या टेबलाशी बसून उपाशी राहिले. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दुपारी कॉफीला बोलावलं होतं. घरी केलेला सफरचंदाचा केक, वर घट्ट साय. त्यांनी विचारलं, घेणार ना? मी म्हटलं, नको नको, कशाला. पंचवटीत वाढलेली मुलगी दुसरं काय म्हणणार? बाईंनी मान डोलावली, स्वतःला एक तुकडा घेतला आणि उरलेला केक चक्क आत ठेवून आल्या. मी बघतच राहिले. तासभर थंडीवर गप्पा मारून घरी आले आणि नाशिकहून आणलेल्या चिवड्याची पिशवी फोडून तो बकाबका खाल्ला. अशी चिडले होते म्हणता! अगं बाई, निदान एकदा तरी पुन्हा विचारायचं!

आमचे वडील यात्रेकरूंची धर्मकार्यं करायचे, त्यामुळे घरी जेवायला रोज कोणी ना कोणी परगावचं असायचं. आई वाढायला आली की पाहुणा ताटावर आडवा हात धरायचा, आणि आई त्या हाताखालून पोळी सरकवायची. पहिलं नको हे रीतीचं असतं, हे तिला ठाऊक होतं आणि पाहुण्यालाही. विचारल्याबरोबर हो म्हणणारा तो हावरट. हे मला कोणी शिकवलं नाही, अंगातच मुरलं होतं.

जर्मनीत मात्र ते मोडावं लागलं. केक पुढे आला की लगेच हो म्हणायला शिकले. दर वेळी कानशिलं गरम व्हायची, पण भूक लागते हो माणसाला! वर्षभरात मला वाटायला लागलं, जमलं बुवा आपल्याला.

मग मागच्या हिवाळ्यात आई बाथरूममध्ये घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. वडील गेल्यापासून ती एकटीच राहते आणि मी तिची एकुलती एक. शेजारच्या काकूंनी तिला दवाखान्यात नेलं आणि मला ऑफिसात फोन केला. "ऑपरेशन करायचं म्हणतायत. तू घाबरू नकोस, आम्ही आहोत."

माझा चेहरा पाहून आमच्या साहेबीणबाई टेबलाशी आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुला रजा हवी आहे का? उद्याच निघ."

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "नाही नाही, तशी काही गरज नाही."

डोळ्यांत पाणी, आणि वर नाही नाही! आता त्या म्हणतील, असं कसं, आई आहे तुझी, जा. मी वाट बघत उभी. त्या म्हणाल्या, "बरं. लागली तर सांग," आणि आपल्या खोलीत गेल्या. मी दिवसभर त्यांच्या नावाने धुमसत राहिले. काळीज आहे की दगड, म्हटलं. बस घराजवळ आली तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, की बाईंनी माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला होता, बाकी काही नाही.

सकाळी लाज गुंडाळून ठेवली आणि त्यांच्या दारात जाऊन सरळ सांगितलं, मला रजा हवी आहे. त्या गोंधळल्या. आदल्या दिवशी मी नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याबरोबर काम करणाऱ्याला सुट्टी देऊन टाकली होती. तो परत येईपर्यंत मला सोडता येणार नव्हतं, आणि त्यानंतरही आठवडाच मिळणार होता. आईला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा दाराबाहेर काकू बसल्या होत्या. मी तिकडे स्वयंपाकघरात फोन कानाशी धरून ढसाढसा रडत होते.

अखेर घरी पोहोचले तेव्हा आई वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत जायला शिकत होती. काकूंनी उपम्याची बशी पुढे केली, मी पटकन "द्या" म्हटलं. काकू चपापल्या. मग म्हणाल्या, "परदेशात जाऊन सुधारलीस हो!" आई पोट धरून हसली. कितीतरी दिवसांनी हसली, असं काकू म्हणाल्या. आठवडा कसा सरला कळलंच नाही.

निघायच्या दुपारी बॅग दाराशी ठेवली आणि आईजवळ बसले. आई कधी कुणाकडे काही मागत नाही. त्या दिवशी म्हणाली, "अजून चार दिवस राहतेस?"

"नको गं आई. रजाच नाही."

ती हसली. "राहा की. काकूंना तरी किती त्रास द्यायचा?"

"खरंच नाही जमणार."

मी तिचा हात घट्ट धरला. मला तिथून उठायचंच नव्हतं, आणि जावं तर लागणारच होतं. आई कष्टाने थोडी सरकली, पलंगावर माझ्यापुरती जागा केली आणि म्हणाली, "असं काय करतेस? राहा गं."

पाहुण्याच्या हाताखालून पोळी सरकवताना असायचा, तसाच तिचा चेहरा होता. पाहुणा हात काढणार याची तिला तेव्हाही खात्री असायची. खाली गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. आई हसऱ्या तोंडाने माझ्या ‘हो’ची वाट बघत होती.