मे महिन्यातला हीटर

अकोल्याला माझे काका एका मोटार गॅरेजात मिस्त्री होते. त्यांच्याकडे एक काळी इंग्लिश गाडी होती. जिनिंग फॅक्टरीचा गोरा साहेब विलायतेला परत जाताना ती मागे सोडून गेला. मग ती दोन-तीन व्यापाऱ्यांच्या दारात उभी राहिली आणि शेवटी गॅरेजच्या आवारात बाभळीखाली येऊन पडली. जागा अडते म्हणून मालकाने एक दिवस सांगितले, ही कुठेतरी नेऊन टाक. काकांनी ती ढकलत घरी नेली आणि हळूहळू चालती केली. आमच्या साऱ्या नात्यागोत्यात मोटारवाले ते एकटेच. त्यामुळे माझ्या ताईचे लग्न ठरले तेव्हा वरात कशातून निघणार, हे कुणी विचारलेसुद्धा नाही.

आम्ही अमरावतीला राहत होतो, पण लग्न तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावी करायचे हा बाबांचा हट्ट. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर आमच्या वस्तीत लग्ने झाली होती, साधी आणि नेटकी, पण सगळी वस्तीतल्या वस्तीत. वेशीतून निघून गावाच्या मोठ्या रस्त्याने जाणारी ही पहिलीच वरात. त्या रस्त्याच्या मधोमध गावची विहीर आहे. आई लग्न होऊन त्या गावात आली तेव्हा वस्तीवरची विहीर उन्हाळ्यात आटायची आणि आमच्या बायका घागरी घेऊन या मोठ्या विहिरीपासून लांब, उन्हात उभ्या राहायच्या. कुणाच्या मनात आले तर तो वरून पाणी ओतायचा. आईला जाऊन बरीच वर्षे झाली होती. तिचे ते उभे राहणे बाबांच्या डोळ्यांपुढून गेले नव्हते.

लग्नाच्या खरेदीसाठी आम्ही अकोल्याला काकांकडे उतरलो होतो. काकांनी मोठ्या ऐटीत सगळ्यांना फिरायला नेले. मोकळ्या रस्त्याला गाडी झकास पळाली. धान्याच्या बैलगाड्यांमागे अडकली तशी मात्र इंजिनच्या पाण्याची उष्णता दाखवणारा काटा लाल खुणेकडे सरकला आणि थोड्याच वेळात पुढून वाफेचा फवारा उडाला. रेडिएटर जुना, निम्मा बुजलेला. गाडी जोरात चालली की वारा लागून पाणी थंड राहायचे, हळू चालली की उकळायचे. आणि वरात तर माणसाच्या पावलाने चालते.

बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहून त्या वाफेकडे पाहत होते. म्हणाले, "वेशीपासून निघाली तं नेमकी इहिरीपाशी उकळन."

"मंग पाणी टाकू, भाऊ. त्यात काय?" काका म्हणाले.

"कोणाचं पाणी?"

"संगं डबाभर नेऊ," काका म्हणाले, पण डबाभर पाणी त्या गाडीला किती पुरते ते त्यांनाच ठाऊक होते.

"गाडी राहू दे," बाबा म्हणाले. "बैलगाडी सांगतो. त्या इहिरीपाशी उभं राहून कोणाले पाणी मांगाची पाळी माह्या पोरीवर नाई आली पाहिजे."

मला राहवले नाही. मी वाचायला शिकले तीच बाबांनी जमवलेल्या चळवळीच्या पत्रकांवर. शाळेतल्या पुस्तकाआधी 'बंधूंनो आणि भगिनींनो' ही अक्षरे माझ्या ओळखीची झाली होती. मी म्हणाले, "मांगाचं काहून? काढाचं! इहीर सार्वजनिक हाये, कायदा हाये. उकळू द्या गाडी तिथंच. उलट बरं होईन. साऱ्या गावासमोर बादली सोडू आन् पाणी काढू!"

ताई नुकतीच मास्तरीण झाली होती. माझ्यापेक्षा चार शब्द कमी बोलायची आणि ते नेमके लागायचे. "तुहं भाषण तू तुह्या लग्नात कर," ती म्हणाली. "माहं लग्न म्हंजे तुही सभा नाई. मले त्या रस्त्यानं गाडीत बसून जायाचं हाये. बैलगाडी नाई. आन् गाडीनं रस्त्यात लाचार होऊन थांबाचं नाई. हे जमते काय ते सांगा."

नवा रेडिएटर मिळण्यासारखा नव्हता. अशी गाडीच आता कुठे दिसत नव्हती, तिचा माल कुठून मिळणार? काका त्या संध्याकाळी नीट जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी काकूला भाजी निवडू लागले होते. काकूने लसूण आणायला सांगितले. लसूण असायचा एका गोल, काळ्या पत्र्याच्या डब्यात. डबा भिंतीला टांगलेला, त्याला पुढे दोन चिमुकली दारे. मी विचारले, हा डबा आणला कुठून?

"त्या गाडीतूनच काढला तुह्या काकानं," काकू म्हणाली. "साह्यबाच्या पायाले शेक द्याची मशीन होती म्हने. अकोल्यात शेक! मेल्याले इथलं ऊन कमी पडलं."

काका ओट्यावर बसले होते. त्यांनी सांगितले, तो हीटर. थंड मुलखातल्या गाड्यांना असतो. इंजिनचे गरम पाणी नळीने त्या डब्यात येते, आत जाळी असते, मागे बॅटरीवर चालणारा छोटा पंखा. पंखा फिरला की गरम वारा माणसांच्या अंगावर. गाडी घरी आणली त्याच दिवशी त्यांनी तो काढून टाकला होता. वऱ्हाडात मोटारीला हीटर, हा त्यांना स्वतःचा अपमान वाटला होता.

ताई साडीला फॉल लावत बसली होती. सुई तशीच धरून तिने विचारले, "मंग ते पाणी परत कुठं जाते, काका?"

"इंजिनातच जाते."

"गरम जाते का थंड होऊन?"

"थंड होऊन," म्हणत काका ओट्यावरून उठले.

"पंखा बॅटरीवर फिरते ना?" ताई म्हणाली. "मंग गाडी हळू चालो का उभी राहो, तो फिरतेच. म्हंजे दुसरा रेडिएटरच झाला तो."

"हाव, पण पोरी," काका म्हणाले, "ती सारी गरमी गाडीच्या आत येईन. मे महिन्यात! तू भाजून निघशीन."

"निघतो," ताई म्हणाली. "लसूण काढा त्यातला."

तो डबा उघडण्याचे काम माझ्याकडे आले. गाडीत तो बसतो ती जागा डॅशबोर्डच्या आत, इतकी अरुंद की काकांचा पंजा तिथे जात नव्हता. ते म्हणाले, तुझा हात बारीक आहे, तूच शीक. चारही स्क्रू गंजून पत्र्यात रुतले होते. रॉकेल सोडून वाट पाहायची, जरा फिरवायचे, पुन्हा रॉकेल. जोर लावला की पेचकस घसरायचा आणि काका ओरडायचे, "त्याच्यासंगं भांडू नको वं! तो काय सनातनी हाये?"

वरचे झाकण निघाले तसा लसणाच्या टरफलांचा ढीग खाली पडला. आत तांब्यापितळेच्या बारीक नळ्यांची जाळी. पाणी ओतून पाहिले तर दुसऱ्या तोंडाने थेंब थेंब आले. आमच्याकडचे पाणी खारे. वर्षानुवर्षे तेच गाडीच्या पोटात गेलेले, त्याचा चुन्यासारखा थर नळ्यांत धरलेला. काकूने चिंच भिजत घातली. तिचे कोमट पाणी आम्ही जाळीत भरून ठेवत होतो आणि ओतून टाकत होतो. आधी राखाडी गढूळ पाणी आले, मग पांढरे खडे, आणि शेवटी धार. ती धार पाहून मला जो आनंद झाला तो लपवण्यासारखा नव्हता. मी नाचलेच. काका म्हणाले, आता चिरा बघू. जाळीची तोंडे बंद करून ती बादलीत बुडवली, एका बाजूने सायकलच्या पंपाने हवा मारली. दोन ठिकाणांहून बुडबुडे आले. काकांनी तिथे डाख देऊन चिरा बुजवल्या.

पुन्हा जोडताना मी पंख्याची पाती उलटी बसवली. पंखा फिरायला लागला, पण पुढे वारा जेमतेमच येत होता. काका म्हणत होते मोटार अशक्त आहे, मी म्हणत होते पाती उलटी आहे. शेवटी पाती काढून फिरवली आणि काका पाहायला वाकले तेवढ्यात डब्यात उरलेली सगळी टरफले त्यांच्या तोंडावर उडाली.

"पाती उलटीच होती," काका डोळे चोळत म्हणाले.

भर दुपारी बैलगाड्यांमागून पुन्हा गाडी चालवली. आत उकाड्याने जीव घाबरा झाला, पण काटा लाल खुणेच्या अलीकडे थरथरत राहिला. गेला नाही. मी काकांच्या पाठीवर थाप मारली. तरी माझे मन पूर्ण मानत नव्हते. वाटत होते, एवढी खटपट आपण कशासाठी करतो आहोत? विहिरीपाशी थांबावे लागू नये म्हणून. म्हणजे ती विहीर त्यांचीच राहू द्यायची. हे मी ताईला बोललेही. ती म्हणाली, "आधी गाडी तं चालू दे."

लग्न सकाळी लागले. वंदना झाली, वधूवरांनी एकमेकांना हार घातले. ताईने पांढरे लुगडे नेसले होते. ऊन उतरायला लागले तेव्हा वरात वेशीतून निघाली. पुढे वाजंत्री, मग गाडी, मागे बाबा आणि वस्तीतली सगळी माणसे. पुढच्या लांब सीटवर काका, मध्ये नवरदेव आणि खिडकीशी ताई. मी करवली, मागे. हीटर पूर्ण उघडलेला. आतली हवा तव्यासारखी, आणि त्या तापलेल्या डब्यातून फोडणीच्या लसणाचा वास येत होता.

नवरदेव बिचारे तालुक्याच्या शाळेत मास्तर, मवाळ स्वभावाचे. टोपीखालून घाम गळत होता. त्यांनी हळूच विचारले, "काकाजी, हे जरा बंद नाई होत काय?"

"बंद केलं तं गाडी बंद, जावईबापू."

"राहू द्या," ताई म्हणाली. "वास तरी चांगला हाये."

दोन्ही बाजूंनी माणसे ओट्यांवर उभी होती. कुणी हसत होते, कुणी नुसते पाहत होते. माझे लक्ष काट्याकडे होते. तो चढला, थांबला, थोडा चढला, थांबला. विहीर समोर दिसू लागली. तिथे पाच-सहा बायका पाणी भरत होत्या. मी मनातल्या मनात म्हणत होते, नको उकळू, नको उकळू. चार दिवसांपूर्वी त्याच्या उलट बोलणारी मीच.

गाडी नीट विहिरीपाशी आली.

"थांबवा," ताई म्हणाली.

"काहून? काटा ठीक हाये," काका म्हणाले.

"थांबवा ना."

काकांनी ब्रेक लावला, इंजिन चालूच ठेवले. वाजंत्री थांबली. बाबा मागून धावत आले, त्यांचा चेहरा उतरला होता. "उकळली?"

"नाई बाबा. गाडीले पाणी नाई पाहिजे," दार उघडून खाली उतरत ताई म्हणाली. "मले पाहिजे. तहान लागली."

ती सरळ विहिरीकडे चालत गेली. लुगडे पाठीला चिकटलेले, कपाळावरून घामाच्या धारा. ओट्यावरचे दोन बाप्ये उठून उभे राहिले. माझ्या ओठांवर कायद्याची सगळी कलमे येऊन थांबली होती. मी खाली उतरले, पण ताईने मागे वळून पाहिलेदेखील नाही. रहाटाजवळ एक म्हातारी कुणबीण घागर भरत होती. तिने ताईच्या तोंडाकडे निरखून पाहिले.

"माय वं! तापात लगन लावलं काय पोरीचं?"

"ताप नाई आजी. गाडीत इस्तू पेटोला हाये."

"काहून?"

"गाडी चालाले पाहिजे म्हनून."

म्हातारी आधी गाडीकडे पाहत राहिली, मग फिसकन हसली. तिने आपली घागर कडेला सरकवली. "दोर वला हाये. सांभाळून वढजो," ती म्हणाली.

ताईने बादली सोडली. खाली पाण्यावर ती आपटल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. तिने ओढून घेतली, काठावर टेकवली, ओंजळीने पोटभर प्यायली आणि तोंडावर पाणी मारले. उठलेल्या बाप्यांपैकी एक जण खाली बसला. दुसरा तसाच उभा राहिला, पण जागचा हलला नाही. मग ताईने नवरदेवांना हाक मारली, आणि ते टोपी सावरत आले.

बाबा तिथेच होते, आई घागर घेऊन उभी राहायची त्या अंतरावर. मी त्यांच्याजवळ गेले नाही. ते स्वतःच निघाले, हळूहळू, विहिरीच्या चौथऱ्यापाशी आले, चपला बाजूला काढल्या.

"मलेही घाल थोडं," ते म्हणाले.

ताईने बादली उचलली. बाबांनी वाकून ओंजळ धरली, आणि पाणी बोटांतून सांडत राहिले तरी ते पीतच राहिले. मागे गाडीतून काका ओरडले, "चला गा आटपा! मी एकटाच भाजून राहिलो इथं!"