राईच्या मासळी बाजाराचं छप्पर

चूक माझी होती, आणि तीन वर्षं मी ती वाढलेल्या करावर ढकलत आलो.

सार्वजनिक कामांची अंदाजपत्रकं बनवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मी काम करतो. आमच्याकडे नवं अंदाजपत्रक कोऱ्या कागदावर कुणीच सुरू करत नाही. जुन्या कामाची फाईल उघडायची, कामाचं नाव बदलायचं, मापं बदलायची. राई गावच्या मासळी बाजाराचं अंदाजपत्रकही मी तसंच केलं. रस्त्याकडेला बसणाऱ्या बायकांसाठी सिमेंटचे ओटे आणि वर छप्पर. मापं मी दोनदा तपासली. तळाशी कराची ओळ होती, ती मात्र पाहिलीच नाही. कर वाढून काही महिने झाले होते. माझ्या फाईलमध्ये जुनाच दर राहिला.

त्या रकमेला मंजुरी मिळाली. निविदा आल्या त्या नव्या करासकट. पैसे कमी पडले, आणि वाढीव मंजुरीसाठी थांबायला कुणी तयार नव्हतं. ओटे राहिले, छप्पर कापलं गेलं.

ज्या मावशीकडून मी दर रविवारी मासळी घ्यायचो, तिलाच हे सांगायचं होतं. शांती नगरातल्या माझ्या घरून राईला मी मांदेलीपेक्षा तिच्या बोलण्यासाठी जायचो, हे आता कळतं. लांबूनच ती ओरडायची, "आला गं आमचा इंजिनेर! पापलेट लपवा, भाव पाडंल!" मी इंजिनियर नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. माझ्यासाठी पाटीखाली वेगळा काढलेला वाटा असायचा. ओट्यांचा नकाशा मी तिला मोबाईलवर दाखवला, तेव्हा तिने बोट ठेवून आपली जागा धरली होती. "ही माझी. सावलीतली."

मी म्हणालो, "मावशी, मधेच टॅक्स वाढला. आमच्या हातात काय नाय."

"सिमेटावर पन टॅक्स?" ती म्हणाली. मग वर पाहून हसली. "उन्हावर न्हाय ना लावला? मंग बसू की."

त्यानंतर मी राईला गेलो नाही. मासळी स्टेशनजवळ घेऊ लागलो. तिथे मला भैया म्हणतात, वजन चोख देतात. पण रविवारी सकाळी पिशवी हातात घेतली की अजून कान त्या हाकेकडे लागतात.

यंदा सिमेंटवरचा कर उतरला. ऑफिसात सगळे खूश, फायली सुधारतायत. मी पहिल्यांदाच एक एक ओळ वाचून कराचा आकडा बदलला. पुढच्या रविवारी राईला गेलो.

भर उन्हात ओटा तापला होता. मावशी खाली गोणपाट घालून, फाटक्या छत्रीखाली बसली होती. चेहरा रापलेला. मला पाहून म्हणाली, "इंजिनेर! हाय का अजून? मला वाटला, मासं सोडलंस." पाटीखाली हात घालता घालता थांबली. "सिमेट सस्ता झाला म्हनं. आता व्हईल का रं छप्पर?"

पुन्हा खोटं बोलून, हो म्हणून सुटता आलं असतं. मी खाली बसलो.

"मावशी, टॅक्स मधेच नव्हता वाढला. आधीच वाढला होता. मी जुना आकडा तसाच ठेवला. तुमचं छप्पर माझ्यामुळे गेलं, आणि वर मी तुमच्याशी खोटं बोललो. आता होईल की नाही, मला माहीत नाही. माझं चुकलं, मावशी. मला माफ करा."