सालेमचा लख्ख डबा

बेगमपुऱ्यातली सरूबाई विद्यापीठातल्या बावीस पोरापोरींना डबे पुरवायची. शिक्षण चौथी नापास. पण कुणाचं मन कुठं अडकलंय, हे तिला परत आलेल्या डब्यावरून कळायचं. अन् त्याचा ताठा काय विचारता! त्या साली विद्यापीठातल्या एक मॅडम पोरांकडून ताणतणावाचे फॉर्म भरून घेत होत्या. सरूबाई म्हणायची, "कागद कशाला पायजे? मला नुसतं झाकण उघडू द्या."

खोटं नव्हतं ते. गौहरच्या डब्यात भात उरला की समजायचं, घरून लग्नाचा विषय निघालाय. मणिपूरची पोरगी भाजीला शिवली नाही, म्हणजे तिला गावची आठवण आली. बिडकीनचा रामकिसन परीक्षेच्या धास्तीनं दोन भाकरी जास्तीच्या मागायचा. यंदा त्यानं मागितल्या नाहीत, म्हणजे अभ्यास झाला असणार, असं तिनं ठरवून टाकलं. मग कुणाला दह्याची वाटी, कुणाला चार शिव्या, असं तिचं औषधपाणी चालायचं. बहुतेकांना तेवढ्यानं उतार पडायचा.

एकच डबा रोज चाटूनपुसून, वर धुऊन लख्ख यायचा. येमेनमधल्या एडनहून शिकायला आलेल्या सालेमचा. "शिका जरा," ती बाकीच्यांना सुनवायची. "परमुलखातलं लेकरू, पण कसं मजेत जेवतंय!"

एका दुपारी रामकिसन डबे न्यायला आला अन् दारातच चुळबुळत उभा राहिला. "मावशी, सालेमच्या गावाकडं लढाई पेटलीय. त्याच्या आईला फोन लागंना. दहा दिवस झाले, धड जेवला नाय."

"अन् डबा?"

"मीच खातो. माझाबी अन् त्याचाबी. परीक्षा हाय ना, टेन्शननं लई भूक लागती."

सरूबाईचा चेहरा उतरला. स्वतःचीच लाज वाटली तिला. डबा उचलून ती तडक होस्टेलवर गेली. वॉचमन आडवा आला, त्याच्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

सालेम खाटेवर पडून होता. गालफडं बसलेली. "मला फसवलंस व्हय रं?" ती कडाडली. "नाय गेलं तर तसाच पाठवायचा डबा!"

सालेम धडपडत उठून बसला. "अम्मा, खाना वापस भेजना... हमारे यहाँ पकानेवाली की बेइज्जती है." मग मान खाली घालून म्हणाला, "घर में एक थाल होता है, सब साथ खाते हैं. अकेले निवाला नहीं उतरता."

तिनं ताटात भाकरी वाढली, वर पिठलं घातलं. "खा. मी बसते इथं."

"आप भी खाओ."

"मी मागून खाते."

"किस के साथ?"

सरूबाईचे मालक जाऊन नऊ वर्षं झाली होती. सगळे डबे गेले की पातेल्याच्या बुडाशी उरलेलं ती चुलीपाशी उभ्यानंच गिळायची. कधी तेही नाही. अन् हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

बघता बघता ती हमसून रडायला लागली. दहा दिवसांचा उपाशी सालेम बिचारा घाबरला अन् तिचीच समजूत काढत बसला. शेवटी भाकरी त्यानंच मोडली. "अम्मा, पहले आप," म्हणत घास पुढं केला. अन् तिनं तो खाईस्तोवर स्वतः काही तोंडात घातलं नाही.