लेकीच्या ओट्यावरचा चहा

"वेरूळला जायचं नाही, अजिंठ्याला जायचं नाही, मग संभाजीनगरला जाऊन करणार काय?" नवऱ्याचा प्रश्न रास्त होता. पण जानेवारी लागला होता, हुरड्याचे दिवस होते आणि रेखाचा फोन आला होता, "ये की बाई! नुसतं येते येते म्हणतीस!" रेखा माझी होस्टेलची रूममेट. आता शेंद्र्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहे आणि हर्सूलला तिनं स्वतःच्या पगारातून घर बांधलंय. मी बॅग भरली.

पुण्याहून एसटीनं जाणार असाल तर सकाळची गाडी धरा. अहिल्यानगरपर्यंत ट्रकांच्या मागं रांगत जावं लागतं, पुढं रस्ता बरा आहे. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे उरलेले पैसे पोटावर उडवायला मोकळे. पोचले त्याच संध्याकाळी रेखा मला जुन्या शहरात नान-खलिया खायला घेऊन गेली. पिवळाजर्द, भलामोठा नान आणि नाकातून पाणी काढणारा मटणाचा रस्सा. मी आधी फोटो काढत बसले, तर वाढणारे चाचा वैतागले, "बाजी, फोटू बाद में निकालो, नान गरम है तबतक खाओ!" पटलं. फोन पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलंब्रीच्या पुढं रेखाच्या माहेरी गेलो. तिचे वडील, नाना, आयुष्यभर मेंढरं राखत आलेले. आता कळप लहान झालाय, सोबत थोडी ज्वारी करतात. डोक्याला लाल फेटा, बोलणं मोजकं. शेतात गोवऱ्यांच्या विस्तवावर कणसं भाजून, तळहातावर चोळून त्यांनी मला असा काही हुरडा खायला घातला की विचारू नका! सोबत लसणाची चटणी आणि दही. मी "बास, बास" म्हणत होते आणि ते पुढचं कणीस विस्तवात सारत होते. "खावा ताई. पाव्हण्याचा हात रिकामा दिसला तर आमाला बरं वाटत नाय."

दुपारी नानांना डोळे तपासायला शहरात आणायचं होतं, म्हणून तिघं एकाच काळीपिवळी जीपमधून परतलो. डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलं आणि दोन तासांनी परत या म्हणाले. मग घरी आलो. रेखाची सासू, जिला ती आत्याबाई म्हणते, तिनं ओट्यावर घोंगडी अंथरली. नाना डोळे मिटून तिथं टेकले. रेखा कपडे बदलायला आत गेली आणि मला वाटलं, बिचारा म्हातारा माणूस सकाळपासून फिरतोय, आपण चहा तरी करावा. चांगला आलं घालून केला. कप नानांच्या हातात दिला.

नानांनी कप घेतला आणि तसाच धरून ठेवला. पीत नाहीत, खाली ठेवत नाहीत. मी मेली आग्रह करतेय, "घ्या ना, गार होईल!" समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालता घालता थांबून बघायला लागली. तेवढ्यात रेखा बाहेर आली. तिनं कप बघितला, तिचा चेहरा उतरला आणि मला दंडाला धरून तिनं स्वयंपाकघरात नेलं.

"अगं, लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पण घेत नाही. आमच्यात लई कडक आहे हे. ते गावाकडून बाटली भरून आणतात." मग हळूच म्हणाली, "नऊ वर्षं झाली लग्नाला. नाना ओट्यावर बिनचहाचे बसले, की अख्ख्या गल्लीला कळतं मला पोर नाही ते. घर बांधलं तेव्हा वाटलेलं, निदान ह्या घरात तरी एक घोट घेतील."

वाईट वाटलं आणि नानांचा रागही आला. पण खिडकीतून बघितलं तर त्यांचीही पंचाईत दिसत होती. पाहुणीच्या हातचं नाकारायचं नाही आणि लेकीच्या घरचं घ्यायचं नाही, अशा दोन रीतींच्या कात्रीत ते अडकले होते.

आत्याबाई इतका वेळ दारात बसून लसूण सोलत होत्या. त्या उठल्या, नानांच्या समोर येऊन बसल्या. आम्ही दोघी आतून ऐकत होतो.

"पाव्हणं, ही रीत कुणापायी लावली सांगा बरं?"

"जुन्या माणसांनी लावली. बाप लेकीकडं खातो असं तिच्या सासरच्यांनी बोलू नाय म्हणून."

"सासरचं म्हंजी कोण? माजा मालक गेला. पोरगा ट्रकवर, म्हैना म्हैना घरी नसतो. ऱ्हायली मी. व्हय का नाय?"

"व्हय."

"मंग बोलायचं तर म्याच बोलायचं ना? आवं, घर तुमच्या लेकीनं बांधलं. मीच तिच्या घरात बसून तिचं खाते. मला चालतंय अन् जन्म दिला त्याला चालत नाय?"

नाना कपाकडं बघून म्हणाले, "नातवंड नाय अजून."

"नसू द्या की! पोर देवानं द्यायचं, चा आपण द्यायचा. मी सासू हाय, मी सांगते. कोण बोललं तर मला येऊन सांगा, मी बघते त्याच्याकडं." हे शेवटचं वाक्य समोरच्या घराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. ती बाई बादली घेऊन आत पळाली.

रेखानं माझा हात घट्ट धरला होता. मग बाहेरून नानांचा आवाज आला.

"रेखे! ह्यो गार झाला. दुसरा टाक. साखर कमी."

रेखाला रडूही येत होतं आणि हसूही. दूध उतू गेलं, गाळणी सापडेना, मी मदतीला गेले तर मला ढकललं. "तू नको. मीच करणार."

नानांनी तो चहा बशीत ओतून फुंकत फुंकत संपवला. आत्याबाई शेजारी बसून राहिल्या, बशी रिकामी होईपर्यंत उठल्या नाहीत. मला त्या बाईचं फार कौतुक वाटलं. त्यांनी रीत मोडली नाही की नानांना खाली पाहायला लावलं नाही. रीत ज्यांच्या धाकानं चालत होती, त्यांच्यातर्फे मोकळीक देऊन टाकली.

परतीच्या गाडीत मी निवांत विचार करत होते, काय हे गावाकडचे नियम! आणि अहिल्यानगरच्या आसपास एकदम चमकले. माझे बाबा. बँकेतून निवृत्त, रोज दोन वर्तमानपत्रं वाचणारे. आम्हाला मूल नको, हे त्यांनी हसत मान्य केलंय. पण माझ्या लग्नापासून ते जेव्हा जेव्हा माझ्याकडे येतात, तेव्हा "आत्ताच जेवून आलो" म्हणतात. पाणी मागत नाहीत. चहा दिला तर "ॲसिडिटी होते गं." स्वतःच्या घरी मात्र दिवसाला चार कप!

घरी पोचल्यावर पर्सही खाली न ठेवता फोन लावला. "बाबा, रविवारी जेवायला या. उपाशी या."

ते पलीकडे खाकरले. "अगं... तुझ्या सासूबाई आहेत का तिथे?"

सासूबाई शेजारीच मटार सोलत होत्या. मी फोन त्यांच्या हातात दिला.