शेवटच्या पाटीवरचा थांबा

वाशीमच्या कोर्टात मी नकलनवीस होतो. कोणाला निकालाची किंवा जबानीची नक्कल लागली की मूळ कागद समोर ठेवायचा आणि तो जशाचा तसा उतरवून द्यायचा, एवढंच माझं काम. आयुष्यभर हे केलं की माणूस खडूस होतो. एखादी वेलांटी चुकलेली दिसली की माझ्या जिवाची आग होते; आज नातवंडांच्या वह्या बघतानाही होते. आणि असा हा माणूस, तेव्हा पस्तिशीचा, पोट सुटायला लागलेला, पायांनी जन्माचा मंद, आमच्या गावच्या आट्यापाट्यांच्या नऊ खेळाडूंत होता, हे सांगितलं तर घरात कोणाला खरं वाटत नाही. बायकोला वाटतं, कारण माझी धोतरं तीच धूत असे.

आट्यापाट्या आता फार कोणी खेळत नाही, म्हणून दोन शब्दांत सांगतो. जमिनीवर एकामागून एक नऊ आडव्या पाट्या, म्हणजे उथळ चर, खणलेले असतात. प्रत्येक पाटीत समोरच्या संघाचा एकेक गडी उभा. त्याला पाटी सोडता येत नाही, पण हात लांब करून मारता येतं. आपण त्याच्या हाताला न लागता एकेक पाटी ओलांडत पलीकडे जायचं आणि तसंच परत यायचं. लागला की बाद. ज्याचे पाय चपळ तो पळून निसटतो. ज्याचे नाहीत त्याने हूल द्यावी, म्हणजे डावीकडे जातो असं दाखवून उजवीकडे जावं.

माझे पाय चपळ नव्हते. मी हूल शिकलो, आणि तीही नक्कल उतरवावी तशीच शिकलो. आमचं मैदान कापसाच्या जिनामागे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यामागे होतं. खेळाआधी काळ्या मातीवर पाणी शिंपडायचो, धुरळा बसावा म्हणून. त्या ओलसर मातीत अनवाणी पायांचे ठसे छान उमटतात. खेळ संपला की बाकीचे विहिरीवर हातपाय धुवायला जात आणि मी खाली मान घालून मैदानभर फिरत असे. कोणाचा अंगठा कुठे रुतला, कोणाची टाच कुठे वळली, कोण खरंच निघाला होता आणि कोणी नुसतं दाखवलं होतं, सगळं तिथे लिहिलेलं असायचं. गडी हसायचे. "कारकुनाचं काही हरपलं वाटते," म्हणायचे. हसेनात का. चौदा वर्षं मी ते ठसे वाचले.

त्या वाचण्यातून मला एक गोष्ट सापडली होती, आणि संघात मी टिकून होतो तो केवळ तिच्यामुळे. दरवर्षी मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या मुलखातून, एक संघ आमच्याशी खेळायला यायचा. त्यांच्या शेवटच्या पाटीवर पन्नाशीचा एक मिशीवाला उभा राही. ठेंगणा, रुंद, बैलासारखा शांत. तो समोरच्याचे पाय बघत नसे, डोळे बघत नसे. नजर कमरेवर ठेवायचा, आणि कंबर खोटं बोलत नाही. आमचे भले भले त्याच्या पंजात सापडले. मीच तेवढा त्याच्या हातून सुटायचो. मी त्याच्यासमोर जाऊन चक्क थांबायचो. श्वास सोडायचा, खांदे पाडायचे, दमलेला माणूस बांधावर टेकतो तसं सगळं अंग ढिलं करायचं. समोरचा माणूसही नकळत पापणीभर सैल होतो. तेवढ्यात निघायचं. लवकर निघालो तर फसलो, उशिरा निघालो तरी फसलो. तो पापणीभराचा क्षण ओळखायला मला चौदातली नऊ वर्षं लागली होती.

आमचे वस्ताद जुने पैलवान. गुडघे गेलेले, आवाज शाबूत. ते मला तोंडावर सांगत, "कारकुना, तू त्या मिशीवाल्यापुरता हायेस. तो नसता त तुले मी कवाच बसवला असता." मला राग यायचा, पण ते खोटं बोलत नव्हते. माझ्या जागेवर एक सतरा-अठराचा तेल्याचा मुलगा टपून बसलेला होता आणि मिशीवाला सोडला तर सगळ्या बाबतींत तो माझ्याहून सरस होता.

अशात एका हंगामात तो आला. मानोरा गावापलीकडच्या बंजारा तांड्यावरचा, विशीतला, कापसाच्या दिवसांत जिनात गाड्या रिकाम्या करायला आलेला. कुंपणापाशी उभा राहून खेळ बघत होता, म्हणून कोणीतरी थट्टेने म्हणालं, ये, उतर. उतरला, आणि पहिल्या आठ पाट्या त्याने अशा काही पार केल्या की पाटीवरच्या गड्यांचे हात वरच राहिले. आम्ही शिंपडलेल्या मातीत नंतर मी पाहिलं, दोन ठशांत माझ्या तीन ढांगांचं अंतर होतं. मला हसूच आलं. असं काही बघितलं की मत्सरसुद्धा वाटत नाही.

वस्ताद तर खुळावले. आपल्या म्हशीचं दूध त्याला पाजू लागले आणि त्यांनी फर्मान काढलं, "हे देवाचं देणं हाय. याले कोनी काही शिकवाचं नाही. शिकवाल त बिघडन." तालमीत कुस्तीचे शंभर डाव घोटून घेणाऱ्या माणसाने हे म्हणावं! पण आमच्या सगळ्यांना ते पटलं, हेच नवल. तांड्यावरचा गडी, रानात वाढलेला, त्याला काय शिकवायचं, असा आमचा गावकरी हिशेब होता. आम्ही घाम गाळायचो तेव्हा त्याला लिंबाखाली बसवून ठेवत, हळद लागलेल्या नवरदेवासारखं. तो बिचारा बसल्या जागी पाय हलवत राही.

त्या वर्षी मोगलाईचा संघ आला. आठ पाट्या हा तांड्यावरचा गडी वाऱ्यासारखा गेला आणि मिशीवाल्याने त्याला तीनदा, अगदी सहज, पाठीवर थाप मारून बाद केलं. तिसऱ्यांदा तर मिशीवाला हसलासुद्धा. सामना आम्ही हरलो. लोक म्हणाले, देवाने दिलं आणि देवाने नेलं. वस्ताद म्हणाले, दूध कमी पडलं. कापूस संपल्यावर तो कोणालाही न भेटता तांड्यावर निघून गेला.

पुढच्या हंगामात परत आला तो थेट कोर्टाच्या ओसरीवर, माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"भाऊ, तुमी त्या शेवटच्या पाटीले थांबता, ते मले शिकवा."

मी मान वर केली नाही. जे माझं एकमेव होतं तेच हा मागत होता. याला आठ पाट्या येतच होत्या. नववी आली की माझी गरज संपली आणि तेल्याचा मुलगा आत आला. हे मला टाक दौतीत बुडवण्याआधीच कळलं होतं. मी म्हणालो, "ते शिकवता येत नाही. ते ज्याचं त्याला असतं."

"तुमी बी तसंच म्हनता?" एवढंच तो म्हणाला आणि गेला. त्या दिवशी मी एका ओळीत तीन चुका केल्या आणि सबंध कागद फाडला.

चार दिवसांनी सकाळी कोर्टात जाताना मी मैदानावर डोकावलो; आदल्या संध्याकाळचे ठसे अजून मातीत होते. शेवटच्या पाटीपाशी मला एक ओळखीची खूण दिसली. माझ्या थांब्याची. पण पाय माझे नव्हते. मोठे होते, अंगठा बाहेर वळलेला. काल सगळे निघून जायची वाट पाहून तांड्यावरचा गडी तिथे एकटाच माझा थांबा करून बघत होता, एकदा नाही, वीस-पंचवीसदा. आणि सगळं चुकीचं! भार टाचेवर घेतला होता. माझा थांबा चवड्यावर असतो. टाचेवर थांबलेला माणूस थांबूनच राहतो.

आता हे तुम्हाला वेडेपणाचं वाटेल, पण मला राहवलं नाही. दयेने नव्हे, मोठ्या मनाने तर नव्हेच. माझ्या हातच्या कागदाची कोणी वाईट नक्कल केलेली मला बघवत नाही. मी तसाच जिनाच्या दारात गेलो, त्याला बाहेर बोलावलं आणि तोंडाला येईल ते बोललो. "करायचं तर नीट कर! टाचेवर कशाला बसतोस? उद्या भोंग्याआधी ये."

तो आला. सकाळी जिनाचा भोंगा व्हायच्या आधी मैदानावर आम्ही दोघेच असायचो. मी मिशीवाला व्हायचो आणि तो माझ्यासमोर थांबायचा. मला वाटलं होतं, हंगाम जाईल. पाचव्या सकाळी त्याने श्वास सोडला, खांदे पाडले, माझंही अंग सैल झालं, आणि मी हात उचलेपर्यंत तो माझ्यामागे जाऊन उभा होता. माझी नऊ वर्षं! मला रडू यायचं बाकी होतं. मी त्याला म्हणालो, पुन्हा कर. त्याने पुन्हा केलं. मग मी त्याच्या पाठीत एक धपका घातला, जोरात घातला, आणि आम्ही दोघे हसत सुटलो.

"कसं जमलं रे तुला?"

"गोऱ्हं उधळाच्या आधी अंग सैल सोडते, भाऊ. मंग पयते. लहानपनापासून त्याइच्याच मांगं हाय मी. तुमचं बी तसंच दिसलं." मग जरा लाजून म्हणाला, "पन एक सांगू? तुमी निघाच्या आधी जीभ दातात धरता. लिवतानी धरता तशी. त्या मिशीवाल्या म्हाताऱ्यानं पाह्यलं त तुमी गेले."

चौदा वर्षं मी जगाचे ठसे वाचत होतो आणि माझी जीभ मला माहीत नव्हती. तेव्हा मला कळलं की आम्ही सगळे त्याच्या पायांकडे बघत बसलो आणि हा गडी लिंबाखाली बसून आम्हा प्रत्येकाला पाठ करत होता. पाय त्याला देवाने दिले असतील. बघणं त्याने गुरांमागे उन्हातान्हात फिरून मिळवलं होतं, आणि ते शिकणं आहे हे त्यालाही कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तो म्हणाला, "मंग वस्तादायले सांगू नका, दूध बंद होईन."

आमच्या सकाळच्या उद्योगाबद्दल मी गप्पच होतो. तोही गप्प. सामन्याच्या दिवशी सकाळी वस्तादांनी आम्हाला मैदानावर बोलावलं आणि बोटांवर नऊ जण मोजले. नववं बोट माझ्यावर आलं. "कारकून, त्या मिशीवाल्यासाठी." तेल्याच्या मुलाने मान खाली घातली. तांड्यावरचा गडी दुसरीकडेच बघत होता. मी तोंड उघडलं नसतं तर तो जन्मात बोलला नसता, याची मला खात्री होती. माझ्यावर उपकार करत होता तो. तेच मला सहन झालं नाही. आणि खरं सांगायचं तर मला ते बघायचंही होतं. माझा थांबा त्या पायांवर, त्या माणसासमोर.

मी म्हणालो, "वस्ताद, मी बसतो. याला येतं ते. मी शिकवलं."

वस्तादांचा चेहरा लाल झाला. "बिघडवला तू त्याले!"

"बिघडलो असन त मले बी बसवा," तो पुढे होऊन म्हणाला. "मंग नवव्या पाटीले तुमीच जा."

असं वस्तादांशी कोणी बोलत नसे. त्यांनी मिशा ओढल्या आणि तेल्याच्या मुलाला बोटाने आत बोलावलं.

मी प्रेक्षकांत जाऊन उभा राहिलो. तिथून मैदान केवढं लहान दिसतं! आठ पाट्या त्याने किती वेळात ओलांडल्या ते मला आठवतही नाही. मी नववीकडेच बघत होतो. तो मिशीवाल्यासमोर आला. थांबला. भार चवड्यावर. खांदे पडले. माझ्याही नकळत माझा श्वास सुटला. मिशीवाल्याची कंबर जराशी सैल झाली, इतकी जराशी की त्या गर्दीत ती आम्हा दोघांनाच दिसली असेल. आणि मग ते पाय निघाले. मिशीवाल्याने हात मारला तो रिकाम्या जागेत, आणि पहिल्यांदाच त्याने मागे वळून पाहिलं. मी ओरडत होतो. काय ओरडत होतो देव जाणे, घसा दोन दिवस बसला होता. तो परतीच्या वाटेवर पुन्हा त्याच्यासमोर थांबला आणि पुन्हा सुटला, आणि सगळ्या पाट्या मागे टाकून परत आला तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

माझ्याशेजारी खेड्यावरून आलेला एक शेतकरी उभा होता, उपरण्यात बोरं बांधून. त्याने मूठभर बोरं माझ्या हातावर ठेवली. "काय पाय हायेत, पाह्यले का? देवच देते असं एखाद्याले. शिकून थोडीच येते!" मी एक बोर तोंडात टाकलं. तो माझ्या पोटाकडे, मग शाईने काळ्या झालेल्या बोटांकडे बघून गमतीने म्हणाला, "तुमी बी खेयता काय, बुवा?"

"खेळत होतो," मी म्हणालो. "आज सकाळपर्यंत."