संदेशचा खांदा

संदेश आमच्या कोकणातल्या वाडीतला, अलोऱ्याच्या एका गॅरेजात इंजिनं उघडत मोठा झालेला. बोलणं कमी, हात कायम काळे. तो दक्षिण सुदानात निघाला तेव्हा, ‘गोळ्या सुटतात तिकडे, याला कुणी सांगितलंय!’ असं अर्धी वाडी म्हणाली. काम मात्र भलं होतं. यादवी थांबल्यावर शांतता टिकावी म्हणून चार-पाच देशांनी मिळून निधी दिला होता. त्यातून नदीकाठच्या दोन गावांना सामाईक होडी मिळणार होती, आणि कालपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखणाऱ्या तिथल्या पोरांना संदेश इंजिनकाम शिकवणार होता.

पोरं शिकली, पण दोन गावांची दोन वेगळ्या झाडांखाली बसून. निधीवाले पाहणीला येणार होते. दोन्ही गावं एकत्र दिसली नाहीत तर निधी बंद, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. आणि तो दिवस नेमका आमच्या शिमग्याचा, गावदेवीची पालखी खांद्यावर नाचवायचा!

त्याची आई, हौसाकाकी, फोनवर कडाडली. “तुझा बापूस गेल्यापास्नं पालखीला आपल्या घरचा खांदा तुझाच. यंदा तो रिता ऱ्हायला तर देवीला काय सांगू मी?”

संदेश फोन ठेवून पुन्हा होडीच्या कामाला लागला.

पाहणीच्या दिवशी होडी पाण्यात सोडायची होती. इंजिन नंतर बसणार होतं. संदेशने आपल्या पालखीची रीत लावली. पुढचा दांडा एका भावकीचा, मागचा दुसरीचा. एकट्याने कुणाला उचलताच येत नाही. तसंच होडीच्या पुढे एक गाव, मागे दुसरं, मध्ये हा. कुरकुरत का होईना, होडी उचलली गेली. पण खांद्यावर भार येताच या पठ्ठ्याचे पाय सवयीने पालखीसारखे नाचायला लागले! होडी डुगडुगली. पुढचे ओरडले, मागचे ओरडले, मग कुणीतरी खो खो हसलं आणि त्याच्या पावलावर पाऊल टाकू लागलं. बघता बघता दोन्ही गावं होडी नाचवत पाण्यापर्यंत गेली. काठावर निधीवाल्यांपैकी कुणी टाळ्या वाजवत होते, कुणी व्हिडिओ काढत होते. निधी चालू राहिला.

संध्याकाळी तो व्हिडिओ वाडीत पोचला तेव्हा पालखी सहाणेवर, तिच्या मानाच्या चौथऱ्यावर, बसली होती. आम्ही सगळ्यांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. अभिमानाने ऊर भरून आला. हौसाकाकीने मोबाइल देवीसमोर धरला.

“बघ गं आई,” ती म्हणाली, “माझ्या पोराचा खांदा रिता न्हाय.”