हॉर्न राहिलेली जीप

तुम्ही कधी एखाद्या गाडीचा शेवटचा हॉर्न ऐकलाय का?

मी पुष्कळ ऐकलेत. अंबड रस्त्याला, गावाच्या शिवेवर आमचं यार्ड होतं. जुन्या गाड्या घ्यायच्या, तोडायच्या, लोखंड जालन्याच्या भट्ट्यांना द्यायचं. घर त्यावरच चालायचं. भंगार साठतं ना, तसेच किस्सेही एकावर एक साठतात. खालचा एक ओढायला जावं, तर वरचे चार अंगावर येतात! यार्ड आता राहिलं नाही. पण किस्से कोणत्या भट्टीला द्यायचे?

*

आमच्या ह्यांचा एक नियम होता. गाडी कापायच्या आधी तिच्या धन्यानं यायचं आणि एकदा हॉर्न वाजवायचा. त्याशिवाय कटर लावायचा नाही. गाडीची बॅटरी मेलेली असली तर गफूरचाचा दुसरी जोडून देत. चाचा आमचे कटर चालवणारे, जुन्या जालन्याचे. "बजा लो भाई, आखरी बार," म्हणायचे आणि बाजूला होऊन उभे राहायचे.

भलेभले ड्रायव्हर तिथं रडलेत. एक ट्रकवाला तर हॉर्नवर हात ठेवून बसला, काही केल्या उचलेचना. शेवटी चाचाच म्हणाले, "बस करो मियाँ, बॅटरी मेरी है!"

*

हॉर्न न वाजवता एकच गाडी तशीच उभी होती. काळीपिवळी जीप. आमच्या बांधाला लागून ज्यांची मोसंबीची बाग आहे, त्या सोपानकाकांच्या मुलाची, गणेशची. गणेश जालना-अंबड सवारी भरायचा. काविळीनं गेला. काकांनी जीप आम्हाला विकली, पण हॉर्न वाजवायला काही आले नाहीत. हे बोलवायला गेले की म्हणायचे, "येतो की. जल्दी काय हाय?"

वर्षं गेली. जीपवर कारल्याचा वेल चढला. कारली लागली, तर चाचा ती तोडून गणेशच्या आईकडे, काकूंकडे पाठवायचे. "गाडी तुम्हारी, करेला भी तुम्हारा!"

*

मग झोनचं निघालं. आमची जमीन कागदावर शेती झोनमधली. यार्ड चालवायचं तर झोन बदलून घ्या, नाहीतर बंद करा, असं सांगण्यात आलं. ह्यांनी अर्ज केला. आणि पहिली हरकत कुणी घेतली? सोपानकाकांनी! "तुमचं काळं तेल माझ्या विहिरीत उतरून राह्यलं," म्हणाले.

मी समजूत घालायला काकूंकडे गेले. काकूंनी विहिरीतून एक बादली शेंदली आणि माझ्यापुढं ठेवली. पाण्यावर तेलाची रंगीत साय तरंगत होती.

"बघ सूनबाई," काकू म्हणाल्या, "पाऊस न्हाई, पाणी न्हाई, तरीबी आमच्या बादलीत इंद्रधनुष्य उतरून राह्यलंय!"

त्यांचं खोटं नव्हतं. आम्ही त्याच आठवड्यात तेल काढायच्या जागेला सिमेंटचा कोबा केला. पण आधी मुरलेलं तेल जमिनीतून कोण काढणार?

*

ग्रामसभा मारुतीच्या देवळापुढं भरली. "यार्ड नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा," सरपंच म्हणाले. पुढच्या रांगेतले सगळे हात वर!

आमचे हे उठले. म्हणाले, "ठराव करा, माझं काही न्हाई. पण बसलाय त्या बसच्या सीटा माझ्या यार्डातल्या हायेत. यार्ड नको तर त्या बी माघारी घेऊन जाऊ का?"

एकेक हात खाली आला. फक्त सोपानकाकांचा वरच राहिला. ते पहिल्यापासून उभेच होते.

*

कुणीतरी सुचवलं की यार्डाभोवती झाडं लावा, साहेब लोकांवर चांगला परिणाम होतो. ह्यांनी जुने टायर मांडले, माती भरली, रोपं लावली. चारच दिवसांत धोंडिबाची शेरडं येऊन सगळं फस्त करून गेली. मी त्याला बोल लावला, तर म्हणतो कसा, "वहिनी, कागदावर ही शेतीच हाय म्हणत्यात ना? मंग शेरडं चरणारच की!"

*

पाहणीला साहेब आले तो दिवस तर विसरणं शक्यच नाही. त्यांची सरकारी जीप इतकी जुनी की धक्का मारूनच सुरू व्हायची. ड्रायव्हरनं ती नेमकी कापायच्या गाड्यांच्या रांगेत लावली. साहेब ह्यांच्याबरोबर विहिरीकडं गेले. चाचांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी बॅटरी जोडली, ड्रायव्हरच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बजा ले बेटा, आखरी बार."

त्यानं वाजवला. साहेब पळत आले तेव्हा नंबर प्लेट चाचांच्या हातात होती!

"अहो, ही चालू गाडी आहे!" साहेब ओरडले.

चाचांनी जीपकडं एकदा खालून वर पाहिलं. "बिलकुल लगती नहीं साहब."

साहेबही हसले. आम्हाला वाटलं, काम झालं.

*

झोन बदलला नाही. जागा मोकळी करायची नोटीस आली.

गाड्यांमागून गाड्या भट्टीला गेल्या. कुणाला हॉर्न वाजवायला बोलवायलाही सवड मिळाली नाही. ह्यांचा नियम तिथंच मोडला. शेवटी त्या मोकळ्या जागेत एकटी गणेशची जीप उरली. हे बांधावर गेले. काका बागेला पाणी देत होते.

"काका, उद्या साहेब जागा तपासायला येणार हायेत. आज तरी या."

"मला येळ न्हाई."

"मंग न वाजवता कापू का?"

काकांनी खाली वाकून दाऱ्यातली माती ओढली आणि पाणी दुसऱ्या झाडाकडं वळवलं.

संध्याकाळी चाचांनी सामान बांधलं. बॅटरी तेवढी जीपच्या बोनेटवर ठेवली. "भाभी, यह यहीं रहने दो," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोपानकाका ट्रॅक्टर घेऊन आले. त्यांनी जीपला साखळी बांधली, ती बांधावरून ओढत नेली आणि मोसंबीच्या बागेत उभी केली. मग चालत परत आले आणि ओढताना बोनेटवरून खाली पडलेली बॅटरी उचलून घेऊन गेले.